आभासी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक शिकवायचा तर क्लिकच्या आधी अंदाज

प्रश्न थोडक्यात असा आहे: सूक्ष्मदर्शक मोजके आणि तुकडी मोठी, त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या तासाला प्रत्येकाच्या वाट्याला डोळा लावण्यापुरताच वेळ येतो. आधी आभासी सूक्ष्मदर्शकावर सराव करून घेतला तर मुलं खऱ्या यंत्रावर तयार होऊन येतील का? तो सराव कसा घ्यायचा, आणि त्याला गुण द्यायचे का?

तयार होऊन येतील, पण अर्धीच. आणि ती अर्धी तयारीसुद्धा सराव कसा घेतला यावर अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी काय होतं ते सांगतो. पडद्यावर बाण येतो, मुलगा क्लिक करतो, दिवा लागतो. पुन्हा बाण, पुन्हा क्लिक, स्लाइड जागेवर बसते. शेवटी हिरवी खूण उमटते आणि 'अभिनंदन' येतं. तोच मुलगा खऱ्या यंत्रासमोर बसतो आणि दोन मिनिटांत हाक मारतो, "सर, काहीच दिसत नाहीये." त्याने बाणाच्या मागे जायचा सराव केलेला असतो आणि खऱ्या यंत्रावर बाण नसतो.

म्हणून माझा एकच आग्रह आहे, बाकी सगळं त्यातून निघतं. आभासी सूक्ष्मदर्शकावर कुठलंही बटण दाबण्याआधी, आता काय दिसेल हे विद्यार्थ्याने वहीत लिहायचं. एक ओळ पुरे. मग दाबायचं, आणि अंदाज चुकला असेल तर का चुकला ते त्याखाली लिहायचं. सराव यामुळे हळू होतो. पाच मिनिटांत संपणाऱ्या पडद्यावरच्या अनुकरणाला (सिम्युलेशनला) अर्धा-पाऊण तास लागतो, मुलं कुरकुरतात. पण खऱ्या यंत्रावर लागणारी सवय हीच आहे. नॉब फिरवण्याआधी काय व्हायला हवं हे डोक्यात असेल, तरच झालेलं चुकीचं आहे हे कळतं.

आता 'आभासी' या नावाखाली काय काय येतं ते वेगळं करून घेऊ, कारण इथेच गल्लत होते. एक प्रकार यंत्राच्या अनुकरणाचा: पडद्यावर सूक्ष्मदर्शकाचं चित्र, नॉब, नोजपीस (भिंगं बसवलेली फिरती चकती), दिवा. डेलावेअर विद्यापीठाचा जुना आभासी सूक्ष्मदर्शक या जातीचा. यातून क्रम शिकवता येतो. दुसरा प्रकार स्कॅन केलेल्या स्लाइडचा. इथे यंत्र नसतंच. पूर्ण स्लाइडचं प्रचंड मोठं चित्र असतं आणि नकाशासारखं आपण त्यात आत-बाहेर जातो. यातून नजर तयार होते. तिसरा प्रकार म्हणजे दूर ठेवलेल्या खऱ्या सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून त्याचं थेट चित्र दाखवणं. शिक्षकाने आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, मोबाइल टेकवून वर्गाला दाखवलेलं चित्रही मी यातच धरतो. पहिल्या प्रकाराने 'काय दिसतं' हे शिकवायला गेलात किंवा दुसऱ्याने 'कसं वापरायचं' हे शिकवायला गेलात, तर दोन्हीकडे निराशा होते.

सुरुवात अनुकरणाने करा, पण त्याआधी खरा सूक्ष्मदर्शक वर्गात आणून टेबलावर ठेवा. मुलांनी तो हाताळला नाही तरी चालेल. आकार, वजन, भाग कुठे आहेत एवढं पाहू दे. पडद्यावरचं चित्र सपाट असतं. कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं भिंग) स्टेजच्या (स्लाइड ठेवायच्या मंचाच्या) खाली असतो आणि डायफ्रॅम (प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारी झडप) कंडेन्सरमध्ये, हे सपाट चित्रात कधीच नीट लक्षात येत नाही.

पहिला धडा उलट्या प्रतिमेचा. बहुतेक अनुकरणांत इंग्रजी 'ई' अक्षराची स्लाइड असते. ती वापरा, पण तिच्यावर थांबू नका, कारण ते चित्र मुलांनी पुस्तकात पाहिलेलं असतं आणि उत्तर पाठ असतं. त्याऐवजी छापील मजकुरातला 'ग' घ्या. उजवीकडे सुटा दंड, वर शिरोरेघ. त्यामुळे वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही अदलाबदली वेगवेगळ्या पकडता येतात. कागदावर 'ग'च्या चार आकृत्या द्या: जसाच्या तसा, फक्त वर-खाली उलटलेला, फक्त डावं-उजवं उलटलेला, आणि पूर्ण अर्धा फेरा फिरवलेला. सूक्ष्मदर्शकात यातलं कुठलं दिसेल? 'प्रतिमा उलटी दिसते' हे वाक्य सगळ्यांना येत असतं, तरी वर्गातले बरेच हात दुसऱ्या आकृतीला वर होतात. बरोबर उत्तर चौथं: शिरोरेघ खाली आणि दंड डावीकडे. हा वाद मुलांना आपसात घालू द्या. उत्तर द्यायची घाई करू नका.

याच धड्यात एक खोच आहे, आणि आभासी सरावातून लागणारी सर्वांत वाईट सवय तिच्यातून येते. खऱ्या यंत्रावर स्लाइड उजवीकडे सरकवली की दृश्य डावीकडे पळतं. स्कॅन केलेल्या स्लाइडवर बोट उजवीकडे ओढलं की चित्र बोटाबरोबर उजवीकडेच येतं. मोबाइलवर वाढलेल्या बोटांना दुसरंच नैसर्गिक वाटतं. मग खऱ्या यंत्रावर पेशी मधोमध आणायला जातात आणि ती क्षेत्राबाहेर घालवतात. यावर उपाय सोपा आहे. आभासी सरावात 'आता खरी स्लाइड हातात असती तर ती कुठे सरकवली असती?' हा प्रश्न अधूनमधून टाकत राहा. पहिल्या काही वेळा उत्तर चुकतं, मग बसतं.

पुढे लो पॉवरवरून हाय पॉवरवर जाण्याची शिस्त. 'आधी ४× वर शोधा, मग मधोमध आणा, मग १०×, मग ४०×' ही ओळ प्रत्येक प्रात्यक्षिक वहीत असते आणि प्रत्येक वर्गात मोडली जाते. नियम म्हणून सांगितलं तर मोडलीच जाणार. गणित करून घेतलं तर पटतं. आयपीसचा फील्ड नंबर (त्यातून दिसणारं वर्तुळ किती मोठं ते सांगणारा मिमीमधला आकडा) १८ असेल तर दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे १८ भागिले ऑब्जेक्टिव्हचं, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाचं, विशालन: ४× ला ४.५ मिमी, १०× ला १.८ मिमी, ४०× ला ०.४५ मिमी. ४× वरून ४०× वर गेलं की व्यास दहापट कमी होतो, म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट. ४× च्या वर्तुळात कडेला दिसणारी पेशी ४०× ला दिसण्याची शक्यताच नाही. मुलांना ४× च्या दृश्याची छापील प्रत द्या आणि तिच्यावर ४०× चं वर्तुळ पेन्सिलीने काढायला सांगा. ते इतकं छोटं निघतं की पुढे 'मधोमध आणा' असं सांगायची वेळ फारशी येत नाही.

प्रकाशाचंही तसंच. ऑब्जेक्टिव्हवर दोन आकडे कोरलेले असतात, एक विशालनाचा आणि दुसरा न्यूमेरिकल अपर्चरचा, म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेतं त्याचा. नेहमीच्या शालेय संचात ४× ला ०.१०, १०× ला ०.२५, ४०× ला ०.६५ आणि तेल लावून वापरायच्या १००× ला १.२५ असे आकडे दिसतात. प्रतिमेची उजळता अपर्चर भागिले विशालन या गुणोत्तराच्या वर्गावर ठरते. गणित करून पाहिलं तर ४× आणि १०× सारखेच उजळ निघतात, आणि ४०× वर त्याच्या निम्म्याहून कमी प्रकाश उरतो. आता अनुकरण उघडा आणि त्यात तसं होतं का ते तपासायला सांगा. अनेकांत होत नाही. चारही पॉवरवर दृश्य सारखंच लख्ख असतं. म्हणजे यंत्र इथे खोटं बोलतंय. मुलांना यंत्राचं खोटं पकडायला भलतीच मजा येते, आणि ते पकडण्यासाठी खरं काय ते माहीत असावं लागतं. मी तर 'या अनुकरणातल्या चुका शोधा' हा स्वतंत्र गृहपाठच देतो.

अशा चुका बऱ्याच सापडतात. फोकसच्या बाबतीत तर हमखास. पडद्यावर सरकपट्टी असते, ती मध्यावर आली की चित्र स्पष्ट होतं आणि पलीकडे नेली की पुसट. कोर्स नॉब (स्टेज झपाट्याने सरकवणारा) पूर्ण फिरवा, काही बिघडत नाही. खऱ्या यंत्रावर ४०× ऑब्जेक्टिव्हचं टोक आणि कव्हरस्लिप (नमुन्यावरची पातळ काच) यांच्यात साधारण ०.६ मिमी जागा असते, १००× ला तर ०.२ मिमीच्याही आत. कोर्स नॉबच्या एका फेऱ्याला स्टेज ३६ मिमी सरकतो असं धरलं, तर एका अंशाला ०.१ मिमी झाले. सहा अंश, म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात जेवढा फिरतो तेवढं, आणि ०.६ मिमी संपले. फाइन नॉबचा (बारीक हालचालीच्या नॉबचा) पूर्ण फेरा अनेक यंत्रांत ०.२ मिमीच्या आसपास असतो. हे आकडे मुलांकडून काढून घेतले की '४०× वर कोर्स नॉबला हात लावू नका' हा निव्वळ हुकूम राहत नाही. आभासी सरावात मी इथे दंड ठेवतो: ४०× वर कोर्स नॉब फिरवला तर 'स्लाइड फुटली' असं वहीत लिहायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. अनुकरण माफ करतं, वही माफ करत नाही.

बाजूने बघत स्टेज वर आणायचा आणि आयपीसमधून बघत खाली न्यायचा, ही गोष्ट मात्र पडद्यावर शिकवताच येत नाही. पडद्याला बाजू नसते. ती खऱ्या यंत्राच्या दिवसासाठी राखून ठेवा.

डायफ्रॅमवर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण सूक्ष्मदर्शकाचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. बहुतेक मुलं, आणि स्पष्टच सांगायचं तर बरेच शिक्षकही, डायफ्रॅम म्हणजे दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करायची तरफ असं समजतात. अनेक अनुकरणंही तशीच बनवलेली असतात: डायफ्रॅम बंद केला की चित्र काळवंडतं, एवढंच. प्रत्यक्षात डायफ्रॅम नमुन्यावर येणाऱ्या प्रकाशाच्या शंकूचा कोन बदलतो. शंकू अरुंद केला की कडा उठून दिसतात, फोकसची खोली वाढते, पण बारीक तपशील हरवतात. शंकू रुंद केला की तपशील मिळतात आणि पारदर्शक वस्तू उजेडात विरघळून जाते. गालाच्या आतल्या पेशी रंग न देता पाहायच्या असतील तर डायफ्रॅम पूर्ण उघडा ठेवून त्या दिसतच नाहीत. बंद करत आणला की पेशींच्या कडा अचानक समोर येतात. प्रकाश कमी हवा असेल तर दिव्याचं बटण आहे. जर्मन शास्त्रज्ञ आउगुस्ट क्योलर यांनी १८९३ मध्ये प्रदीपनाची जी पद्धत मांडली तिच्यात हे दोन्ही वेगळे ठेवलेले आहेत, आणि आजही चांगल्या यंत्रांवर तीच वापरतात. ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या छिद्राचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग प्रकाशाने भरेल एवढा डायफ्रॅम उघडा ठेवायचा, ही जुनी कामाची सवय.

आभासी माध्यमात हे शिकवायचं तर एकच मार्ग मला उपयोगी वाटला आहे. एकाच पेशीचे डायफ्रॅमच्या तीन स्थितींतले फोटो स्वतः काढा, मोबाइल आयपीसला लावून. क्रम बदलून मुलांना द्या आणि विचारा: कुठला फोटो पूर्ण उघड्या डायफ्रॅमचा? बहुतेक जण सर्वांत स्पष्ट वाटणारा निवडतात. तो निघतो बंदच्या जवळचा.

खोलीचा मुद्दाही याला लागूनच. ४०× वर एका वेळी सुमारे एक मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचाच थर नेमका स्पष्ट दिसतो. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी त्याच्या कित्येक पट जाड असते, म्हणून फाइन नॉब सतत हलवत राहायचा आणि थरांमधून वर-खाली फिरून पेशीचा आकार मनात जुळवायचा. जाणता माणूस सूक्ष्मदर्शकावर बसला की त्याचा हात फाइन नॉबवरून उठत नाही तो यामुळेच. स्कॅन केलेली स्लाइड मात्र बहुधा एकाच पातळीवर स्कॅन केलेली असते. तिच्यावर महिनाभर सराव केलेल्या मुलाला वाटतं, की दृश्य एकदा स्पष्ट झालं म्हणजे काम झालं. उरलेलं पुसट म्हणजे यंत्रच खराब. काही संग्रहांत एकाच नमुन्याचे अनेक पातळ्यांवरचे स्कॅन असतात, ते मिळाले तर जरूर वापरा. नसतील तर एकमेकांवर आडव्या-उभ्या टाकलेल्या वेगवेगळ्या रंगांच्या तीन धाग्यांची स्लाइड करा आणि फाइन नॉब हळू फिरवतानाची चित्रफीत मुलांना दाखवा. प्रश्न एकच: सर्वांत वरचा धागा कुठला? उत्तरासाठी स्टेज वर चालला आहे की खाली, हे आधी सांगावं लागतं. न सांगता प्रश्न टाका; एखादा हुशार विद्यार्थी 'माहिती अपुरी आहे' म्हणेल. त्याला पूर्ण गुण.

आता विशालनाचा घोळ. स्कॅन केलेल्या स्लाइडच्या कोपऱ्यात '४०×' लिहिलेलं असतं आणि मुलं वहीत विशालन ४०× किंवा ४००× लिहून मोकळी होतात. दोन्ही चूक. अशा स्कॅनमध्ये एक पिक्सेल म्हणजे नमुन्यावरचे साधारण ०.२५ मायक्रोमीटर. संगणकाच्या पडद्यावर एक पिक्सेल ०.२५ मिमीच्या आसपास असतो. म्हणजे पूर्ण आकारात पाहताना प्रत्यक्ष विशालन झालं सुमारे १००० पट. तेच चित्र भिंतीवर प्रक्षेपित केलं तर आणखी कितीतरी जास्त, आणि मोबाइलवर कमी. पडद्यावरच्या चित्राला 'किती पट' हा प्रश्नच निरर्थक आहे; सोबतची मापपट्टीच खरं बोलते. म्हणून माझ्याकडे नियम आहे की आभासी स्लाइडवरून काढलेल्या आकृतीखाली विशालन लिहायचं नाही, मायक्रोमीटरची पट्टी काढायची.

जाता जाता, या स्कॅनचा आकार मुलांना सांगा, डोळे विस्फारतात. नमुना १५ मिमी लांब-रुंद असेल आणि पिक्सेल ०.२५ मायक्रोमीटरचा, तर प्रत्येक बाजूला ६०,००० पिक्सेल, एकूण ३६० कोटी. म्हणून तो तुकड्या-तुकड्यांत साठवतात आणि जेवढा भाग पडद्यावर आहे तेवढाच उतरवतात. इंटरनेट मंद असेल तर आधी चित्र पुसट दिसतं आणि मग स्पष्ट होतं. एखादं पोर त्याला फोकस समजतं.

आणि चित्र वाढवत नेलं म्हणून तपशील वाढत नाही, हेही इथेच दाखवून टाका. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवलं की दोन बिंदू वेगळे दिसायची मर्यादा प्रकाशाची तरंगलांबी आणि न्यूमेरिकल अपर्चर यांवर ठरते. हिरव्या प्रकाशात नेहमीच्या ४०× ला ही मर्यादा अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास आणि तेलाच्या १००× ला पाव मायक्रोमीटरच्या आसपास. पडद्यावर दोन बोटांनी कितीही ताणलं तरी जीवाणूच्या आत काही नवीन दिसणार नाही, फक्त चौकोन दिसतील.

मोजमाप मात्र आभासी माध्यमात फार छान शिकवता येतं, खऱ्या यंत्रापेक्षाही. स्टेज मायक्रोमीटरची (काचेवर बारीक मापपट्टी असलेली) स्लाइड महाग आणि नाजूक असते, ती प्रत्येकाच्या हातात देता येत नाही. तिचे फोटो देता येतात. १ मिमीचे १०० भाग, म्हणजे एक भाग १० मायक्रोमीटर. ४०× वर आयपीसच्या पट्टीचे १०० भाग स्टेजच्या २५ भागांवर बसले, म्हणजे २५० मायक्रोमीटर भागिले १००. आयपीसचा एक भाग झाला २.५ मायक्रोमीटर. रक्ताच्या स्लाइडवर तांबडी पेशी तीन भाग व्यापते? मग ७.५ मायक्रोमीटर, आणि पुस्तकातल्या ७ ते ८ शी जुळतं. आता १०× वर तोच भाग किती मायक्रोमीटरचा असेल, हे फोटो न दाखवता विचारा. काही जण न बदलता २.५ च लिहितात. ज्यांना १० सुचतं त्यांना विषय कळला.

स्कॅन केलेल्या स्लाइडचा खरा फायदा मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. संपूर्ण वर्ग एकाच वेळी तीच पेशी पाहू शकतो. खऱ्या यंत्रावर "सर, हीच का ती?" असं विचारणाऱ्या मुलाला काय दिसतंय हे मला कळायला त्याला उठवून माझा डोळा लावावा लागतो, आणि तोवर कुणाचा तरी धक्का लागून दृश्य हललेलं असतं. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड घ्या. ठरलेल्या भागातल्या २०० पेशी प्रत्येकाने मोजायच्या आणि समविभाजनाच्या कुठल्या अवस्थेत किती, ते लिहायचं. आकडे फळ्यावर मांडले की ते जुळत नाहीत. मध्यावस्था आणि पश्चावस्था बऱ्यापैकी जुळतात. पूर्वावस्थेत मात्र एकाने दहा मोजल्या तर दुसऱ्याने तीस. मग वादाची नेमकी पेशी पडद्यावर आणायची आणि दोघांना आपापली बाजू मांडायला लावायची. गुणसूत्रं सुटी दिसू लागली हे नेमकं कुठल्या क्षणी म्हणायचं? याचं एकच पक्कं उत्तर पुस्तकात नसतं, आणि ते नसतं हे मुलांना कळणं महत्त्वाचं. यात पाहण्याचा क्रमही बसतो: शेतात नांगर फिरतो तसं एका टोकापासून ओळीने जायचं आणि वळून परत यायचं, म्हणजे एकही भाग दोनदा मोजला जात नाही.

आकृती पडद्यावरूनही पेन्सिलीनेच काढायची. पडद्याचा फोटो वहीत चिकटवलेला मी घेत नाही. आणि दिसलं तेच काढायचं. ४०× वर दिसणं शक्य नसलेल्या तंतुकणिकांच्या आतल्या घड्या वहीत आल्या, की आकृती पुस्तकातून उतरवली हे उघडच असतं.

चाचणीसाठी अनुकरणाच्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. त्याऐवजी बिघाड द्या. एक दृश्य दाखवा किंवा वर्णन करा आणि कारण विचारा. माझ्या आवडीचे काही सांगतो. दृश्याचा अर्धा भाग काळा, चंद्रकोरीसारखा: ऑब्जेक्टिव्ह खटका बसेपर्यंत फिरवलेलं नाही. ठळक काळी कड असलेली, आत रिकामी गोल गोल वर्तुळं, ज्यांना मुलं दर वर्षी पेशी समजतात: हवेचे बुडबुडे. दृश्यात एक डाग आहे. आयपीस फिरवलं की तोही फिरतो, तर घाण आयपीसवर. स्लाइड हलवली की हलतो, तर स्लाइडवर. दोन्हीने हलत नाही, तर ऑब्जेक्टिव्ह किंवा खालच्या काचा पुसायच्या. आणि सर्वांत सुंदर: ४× आणि १०× वर दृश्य उत्तम, पण ४०× वर काही केल्या फोकस होत नाही, ऑब्जेक्टिव्ह काचेला टेकायला येतं. स्लाइड पालथी ठेवली आहे! स्लाइडची काच सुमारे १ मिमी जाड, कव्हरस्लिप ०.१७ मिमी, आणि हातात जागा ०.६ मिमी. कव्हरस्लिप खाली गेली की ४०× नमुन्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. हा बिघाड अनुकरणं सहसा दाखवत नाहीत, पण मागे केलेल्या आकडेमोडीवरून तो विचाराने सोडवता येतो.

खऱ्या यंत्राच्या पहिल्या दिवशी मुलांना जोडीने बसवा. एकाच्या हातात नॉब, दुसऱ्याच्या तोंडी सूचना. सूचना देणाऱ्याने प्रत्येक पायरीला आधी अंदाज बोलायचा, नॉबवाल्याने मगच फिरवायचं. मग अदलाबदल. पडद्यावर न शिकलेल्या गोष्टी या दिवशी येतात: यंत्र दोन हातांनी उचलणं, एक हात आर्मला (यंत्राच्या उभ्या दांड्याला) आणि एक यंत्राच्या पायाखाली, दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहणं, दोन आयपीस असतील तर त्यांच्यातलं अंतर आपल्या डोळ्यांना जुळवणं, स्वतःच्या पापण्या दिसत असतील तर डोळा थोडा मागे घेणं. कव्हरस्लिप तिरकी धरून एका कडेने हळू सोडणं तर हातानेच येतं, त्याला पर्याय नाही. ज्यांच्याकडे खरं यंत्र अजिबातच नाही, त्यांनी निदान फोल्डस्कोप मिळवावा. मनू प्रकाश आणि त्यांच्या स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी केलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक नेहमीच्या भिंगाने १४० पट दाखवतो. एकाच भिंगाचा असल्यामुळे त्याची रचना वेगळी आहे आणि त्यावर ४०× ची शिस्त शिकता येणार नाही. पण स्वतः केलेली स्लाइड, हलणारा हात आणि निसटून जाणारा फोकस यांचा अनुभव येतो, जो पडद्यावर येत नाही.

तेलाचं १००× मी आभासी सरावात जवळजवळ घेतच नाही. तेल का घालतात एवढं पडद्यावर समजावता येतं: काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५२, तेलाचा १.५१५, हवेचा १. मध्ये हवा आली की तिरपे किरण बाहेर फेकले जातात. पण खरी भानगड तेल घातल्यानंतर ४०× परत फिरवलं की होते. ४०× तेलाचं नसतं, त्याच्या टोकाला तेल लागलं की पुढचे कित्येक तास सगळ्यांना पुसट दिसतं आणि कारण कुणाला कळत नाही. हे शिक्षकाने स्वतः करून दाखवायचं काम आहे, लेन्स पेपर हातात घेऊन.

गुणांचं म्हणाल, तर आभासी सराव पूर्ण केल्याचे शून्य गुण ठेवा. पूर्ण तर सगळेच करतात, काही जण मित्राकडून करून घेतात. गुण अंदाजाच्या वहीला द्या, आणि त्यातही बरोबर अंदाजाला नाही, चुकलेल्या अंदाजाखाली लिहिलेल्या कारणाला. ज्याच्या वहीत एकही अंदाज चुकलेला नाही त्याने तो क्लिक केल्यानंतर लिहिला आहे, असं खुशाल समजा. बिघाडाच्या चाचणीला थोडे गुण ठेवा, आणि सर्वाधिक खऱ्या यंत्रावर: अनोळखी स्लाइड, दहा मिनिटं, ४०× वर स्पष्ट दृश्य, सोबत मापपट्टीसह आकृती.